जमा कोणाच्या खाती?

व्यापारी घरात मुलाचे कौतुक त्याच्या तोंडावर करण्याची रीत नाही. मुलगा खोलीबाहेर गेला की पाहुण्यांना हळूच सांगायचे, "आता खरेदीला एकटा जातो हं," एवढ्यात सारे आले. तो पेढीवर बसू लागला, उधारी वसूल करून आणू लागला आणि एके दिवशी वडिलांनी काही न बोलता तिजोरीची किल्ली त्याच्या हाती दिली, की अभिमानाचा समारंभ पार पडला. त्यातही या अभिमानाला कसला ना कसला आकडा लागतो. परीक्षेचे टक्के, पगाराचे पॅकेज, वर्षाची उलाढाल, निदान पर्युषणातील उपवासांची संख्या तरी. ज्या गोष्टीला आकडाच नाही तिचा अभिमान कसा बाळगावा, हे आपल्या घरांतून फारसे कोणी शिकवलेले नाही.

एका तालुक्याच्या गावी भुसार मालाची आडत पेढी चालवणाऱ्या एका गृहस्थांची ही हकीकत आहे. नाव सांगण्याचे कारण नाही आणि त्यांना ते आवडणारही नाही. पेढी तीन पिढ्यांची. तूर, हरभरा, सोयाबीन, ज्वारी अशी आवक आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी ज्या दिवशी माल तोलला त्याच दिवशी त्याच्या हाती, ही पेढीची ख्याती. थोरला मुलगा सीए झाला तेव्हा अभिमान बाळगणे सोपे गेले. निकाल लागला, पेढे वाटले आणि साऱ्या बाजारपेठेला त्याचा अर्थ समजला. धाकट्याचे प्रकरण निराळे होते. तो पाचवीत असताना शाळेच्या स्काउट पथकात दाखल झाला आणि घरी येऊन खिडकीच्या गजांना, पलंगाच्या पायांना, आजीच्या काठीला दोऱ्या बांधू लागला. वडिलांनी या उद्योगाचे 'दोरीचा खेळ' असे नामकरण केले आणि ते नाव पुढे पाच वर्षे घरात चालले.

पहिला खटका उडाला तो डाव्या हातावरून. पेढीवर डाव्या हाताने पैसा द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही, हा आजोबांपासूनचा दंडक. मुलाने घरी आलेल्या आपल्या स्काउटच्या सरांशी दारातच डावा हात मिळवला, तेव्हा वडील बसल्या जागेवरून उठले. सरांनी समजावून सांगितले की जगभरातील स्काउट असेच करतात. त्यामागे एक कथाही सांगतात. योद्ध्याच्या डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवल्याखेरीज तो हात पुढे करता येत नाही, म्हणून डावा हात हा विश्वासाचा हात. वडिलांना कथा पटली, तरी "पेढीवर मात्र नको," एवढे त्यांनी मुलाला बजावले.

स्काउट म्हणजे गणवेश घालून संचलन करणारी मुले, अशीच पुष्कळांची समजूत असते. जुन्या मराठीत या मुलांना 'बालवीर' असा सुंदर शब्द होता, तो आता मागे पडला. रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले, तेथून या चळवळीचा आरंभ मानतात. त्या शिबिरात बड्या घरांतील, महागड्या निवासी शाळांतील मुले आणि साध्या कामकरी घरांतील मुले मुद्दाम एकत्र घेतलेली होती, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्याकडे प्रथम ही चळवळ मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. भारतीय मुलांसाठी तिचे दार उघडण्याच्या कामी मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी, तर अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था झाली.

तिच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. एकेका पायरीला महिनोन्महिने जातात. गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, तंबू उभारणे, उघड्यावर स्वयंपाक, समाजसेवा या साऱ्यांची परीक्षा होते आणि ती वहीत उतरवून देण्याजोगी नसते. स्काउटचे नऊ नियम आहेत. विश्वासपात्र असणे हा पहिला, काटकसर हा आठवा, आणि विचार, उच्चार व आचार शुद्ध ठेवणे हा नववा. मुलगा हे नियम पाठ करीत असता आजीने नववा ऐकला आणि म्हणाली, "हे तर आपलेच मन-वचन-काया. हे शिकायला शाळेत पैसे भरले काय?"

दुसरा खटका अधिक मोठा होता. स्काउटांच्या कार्यक्रमात 'खरी कमाई' नावाचा एक भाग असतो. मुलांनी ठरलेल्या दिवसांत कोणाचे तरी काम करायचे, त्याचा मोबदला घ्यायचा आणि तो पथकाच्या निधीत जमा करायचा. दान मागायचे नाही आणि घरून पैसे आणायचे नाहीत. सातवीत असताना हा मुलगा आपल्या संघातील एका मित्राबरोबर बाजारपेठेतील दुसऱ्याच एका पेढीवर गेला आणि दिवसभर दाभण-सुतळी घेऊन पोत्यांची तोंडे शिवत बसला. संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजारात झाले, "शेठजींचा मुलगा पोती शिवतोय." कोणी हसले, कोणी मुद्दाम विचारायला आले. वडिलांनी त्या रात्री मुलाशी एक शब्दही बोलणे टाळले. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी आजीनेच विषय काढला. "तुझे आजोबा मारवाडातून आले तेव्हा त्यांच्याजवळ काय होते? एक लोटा आणि एक डोरी. वाटेतल्या विहिरीचे पाणी काढायला. पहिली दोन वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या पेढीवर काय केले, ते तुला तुझ्या वडिलांनी सांगितले नसेल, पण मला ठाऊक आहे." वडील काहीच बोलले नाहीत. मात्र जेवताना त्यांनी मुलाला विचारले, "किती मिळाले?" मुलाने सांगितले, "ऐंशी." वडिलांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एका दिवसाच्या शिलाईला कमी दिले त्याने."

ज्या मित्राबरोबर मुलगा पोती शिवायला गेला होता, तो याच पेढीवर काम करणाऱ्या हमालाचा मुलगा. दोघे एका वर्गात, एका पथकात आणि एकाच संघात. हमालाचा मुलगा संघनायक, आणि शेठजींचा मुलगा त्याच्या हाताखाली. लाकडाचा ओंडका ओढताना जितका ताण द्यावा तितकी आवळणारी गाठ, जाड दोर आणि बारीक सुतळी एकमेकांना जोडणारी गाठ, विहिरीत अडकलेल्या माणसाला वर काढताना न सरकणारा फास, या साऱ्या गाठी पुस्तकात आहेत खऱ्या. पण त्या डोळे मिटून बांधायला या मुलाला शिकवले ते त्या संघनायकाने, आणि त्यातील निम्म्या त्या संघनायकाला बापाकडून आलेल्या.

आठवीतील शिबिराच्या वेळी वडील मुलाला भेटायला म्हणून गेले, ते खरे तर त्याच्या जेवणाचे हाल पाहायला. बरोबर खाकऱ्याचा डबा होता. घरात चौविहार पाळला जातो, जमीकंद नाही, आणि शिबिरात रात्री आठला बटाट्याची भाजी शिजणार हे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्यांना दिसले ते असे. संघाची चूल दिवस असतानाच पेटली होती. जाळण्याआधी प्रत्येक लाकूड मुलगा झटकून, उलटसुलट करून, साल उकलून पाहत होता आणि मुंग्या दिसल्या की ते बाजूला ठेवीत होता. आजीने शिकवलेली जयणा त्याने तिथे कोणाला समजावून सांगितली नव्हती, तरी इतर मुलेही त्याच्यासारखीच लाकडे झटकू लागली होती. संघनायकाने कांदा-बटाट्याची भाजी वेगळ्या पातेल्यात आणि वरण वेगळे असा बेत आखला होता. सूर्यास्तापूर्वी मुलाने जेवण उरकले, आणि मग दिवेलागणीनंतर उरलेल्या सात जणांना त्याने वाढले. वडील झाडाखाली बसून पाहत राहिले. हमालाचा मुलगा त्यांच्या मुलाला सांगत होता, "आधी छोट्यांना वाढ," आणि तो मुकाट्याने ऐकत होता. घरात पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा मुलगा तो हाच. खाकऱ्याचा डबा त्यांनी न उघडता संघात देऊन टाकला.

त्यानंतर 'दोरीचा खेळ' हा शब्द वडिलांच्या तोंडून कमी ऐकू येऊ लागला. दोघांनाही राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा ते शाळेत जाऊन आले. पण अभिमान म्हणावा असा खरा प्रसंग घडला तो पेढीवरच.

हरभऱ्याच्या आवकेचा हंगाम होता. गोदामात पोत्यांची थप्पी रचताना वरचा थर सरकला आणि खाली उभ्या असलेल्या त्या हमालाच्या हातावर दोन पोती आली. हाताचे हाड मोडले हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. अशा वेळी बाजारात जे होते तेच झाले. कोणी हात ओढून पाहू लागला, कोणी चोळायला तेल आणा म्हणू लागला. दोन्ही मुले नुकतीच शाळेतून आली होती. त्यांनी गर्दी मागे सारली, हात जसा आहे तसा धरून ठेवला, जुन्या खोक्याच्या दोन फळ्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या, मोडलेल्या जागेवर नव्हे तर तिच्या वर आणि खाली पट्ट्या बांधल्या, आणि स्काउटच्या तिकोनी स्कार्फची झोळी करून हात गळ्यात अडकवला. बोटे गरम आहेत ना, हलतात ना, हेही मधूनमधून पाहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "हे कोणी बांधले?" आणि चांगले बांधले आहे, असे सांगितले.

डॉक्टरांचा हा प्रश्न बाजारात पोचला आणि उत्तर आपोआप तयार झाले. शेठजींच्या मुलाने बांधले. सांगणाऱ्यांत कोणाचाही वाईट हेतू नव्हता. गोष्ट शेठजींच्या गोदामात घडली होती, शेठजींनी दवाखान्याचा सारा खर्च उचलला होता, दोन महिन्यांची मजुरीही घरपोच दिली होती, तेव्हा त्या गोष्टीतील मुलगाही त्यांचाच असणार. वडिलांनी ती गोष्ट प्रथम ऐकली, मग मान्य केली, आणि पुढे पुढे स्वतः सांगू लागले. पेढीवर येणाऱ्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला, व्याह्यांना, स्थानकात भेटणाऱ्या मंडळींना. आकडा नसलेल्या अभिमानाला अखेर एक गोष्ट सापडली होती.

हिशेब लिहिणाऱ्यांना एक गंमत ठाऊक असते. एकाची जमा चुकून दुसऱ्याच्या खात्यावर खतवली गेली, तरी तेरीज जुळते. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्याच येतात, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याचे खाते उणे राहिले तो स्वतः येऊन बोलेल तेव्हाच ती सापडायची. आणि हमालाचा मुलगा काही बोलायला येणार नव्हता.

पुढे दहावीच्या वर्षी शेठजींच्या मुलाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र घरात आले तेव्हा वडिलांनी ते दोन वेळा वाचले आणि चष्मा पुसला. दहावीत टक्के पडले एकाहत्तर. समाजाच्या वार्षिक गुणगौरव समारंभाच्या अर्जात रकाने होते ते दहावी, बारावी, पदवी, सीए, वैद्यकीय आणि तपश्चर्या असे. वडिलांनी आयुष्यात बहुधा प्रथमच मुनीमजींना न सांगता स्वतः अर्ज भरला, आणि शेवटी 'इतर' असा रकाना स्वतःच पट्टीने आखून त्यात लिहिले, 'राष्ट्रपती स्काउट'. कार्यकर्त्यांनी थोडी चर्चा केली आणि अर्ज स्वीकारला. इतकेच नव्हे, तर वडिलांनी चार शब्द बोलावेत असेही ठरले. रकाने वाढवायला हवेतच. वर्षानुवर्षे तेच ते छापत राहिल्याने समाजातील किती मुले कागदावर आलीच नाहीत, याची मोजदाद कोण करणार?

समारंभाच्या आदल्या रात्री वडील बोलण्याची तयारी करीत होते आणि अर्थातच गोदामातील गोष्ट त्यात होती. मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "पप्पा, ते मी नाही बांधले."

"म्हणजे?"

"मी फक्त हात धरला होता. माझे हात थरथरत होते. फळ्या त्याने लावल्या, बांधले त्याने, झोळीसुद्धा त्याच्याच स्कार्फची. त्याच्या बाबांचा हात होता तो."

वडिलांनी विचारले, "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"एकदा म्हणालो होतो. तुम्ही गिऱ्हाईकाशी बोलत होता."

आणि मग, विचारले म्हणून, बाकीचेही निघाले. त्या दोन महिन्यांत पेढीकडून मजुरी मिळत असली तरी बाप पुन्हा ओझे उचलू शकेल की नाही, याची खात्री घरात कोणाला नव्हती. संघनायक शाळा सुटल्यावर एका किराणा दुकानात पुड्या बांधायला जाऊ लागला. राष्ट्रपती पुरस्काराच्या चाचणी शिबिराचे दिवस आले तेव्हा दुकानाची रजा मिळाली नाही. सरांनी घरी जाऊन सांगून पाहिले. बापाने जा म्हटले, मुलगाच गेला नाही. पथकातून त्या पुरस्कारासाठी दोन नावे जायची होती, गेले एक.

वडिलांच्या दृष्टीने ते खाते केव्हाच बेबाक झालेले होते. दवाखान्याचे बिल, औषधे, मजुरी, सारे रोजकीर्दीत तारखेसह होते. आणि खरोखरच बाजारात इतके करणारे फार नसतात, हेही नमूद केले पाहिजे. त्या रात्री ते बराच वेळ गच्चीवर फिरत होते, असे घरातील मंडळी सांगतात.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर ते जेमतेम दोन मिनिटे बोलले. त्यांना सभेत बोलण्याची सवय नाही. ते म्हणाले की गोदामातील गोष्ट आपण सर्वांनी माझ्याच तोंडून ऐकली आहे आणि ती चुकीची आहे. हात बांधला तो आमच्या हमालांच्या मुलाने, जो या मुलाचा संघनायक होता. या मुलाला गाठी शिकवल्या त्याने, शिबिरात चौविहार सांभाळला त्याने, आणि त्याला हा पुरस्कार मिळाला नाही याचे कारण त्याची लायकी कमी पडली असे नाही. एवढे बोलून ते थांबले. पुढे काय म्हणावे हे त्यांना सुचेना, म्हणून "जय जिनेंद्र" म्हणून खाली बसले. टाळ्या जरा उशिरा पडल्या. मुलाने खाली मान घातली होती. शाल आणि स्मृतिचिन्ह घेतानाही त्याने मान वर केली नाही.

हमाल समारंभाला नव्हता, त्याला कोणी बोलावलेलेच नव्हते. बाजारात बातमी मात्र त्याच्यापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्याला हूक लावता लावता तो म्हणाला, "शेठ, पोराचं नाव घेतलंत म्हणे काल."

"घेतले," शेठजी म्हणाले.

"बरं झालं," असे म्हणून त्याने पोते पाठीवर घेतले. हात आता बरा आहे, पण जड थर लावताना तो उजव्या अंगाने वळतो.

त्याचा मुलगा सध्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करतो. फी भरू का, असे शेठजींनी विचारले होते. त्याने नको म्हटले. त्याऐवजी पेढीच्या गोदामातील सारे वायरिंग बदलण्याचे काम सुट्टीत त्याला मिळाले, ठरलेल्या मजुरीवर. मजुरी ठरवताना त्याने घासाघीस केली आणि शेठजींनीही केली. राष्ट्रपती पुरस्काराचे त्याचे वय निघून गेले आहे. मोठ्या मुलांसाठी रोव्हर म्हणून एक विभाग असतो, त्यात दोघांनी मिळून नाव घालायचे चालले आहे.

प्रमाणपत्राला वडिलांनी सागवानी चौकट करून आणली होती. पेढीवर भगवान महावीरांची तसबीर आणि बाजार समितीचा परवाना यांच्यामध्ये जागा ठरवून खिळाही ठोकला होता. मुलाने विचारले, "इथे नको लावूया का? ते रोज इथून आत-बाहेर करतात." ते म्हणजे कोण, हे सांगावे लागले नाही. चौकट घरी नेली. ती बैठकीच्या खोलीत आहे आणि पाहुण्यांना वडील ती आवर्जून दाखवतात, मुलगा खोलीत असला तरीही. पेढीवरच्या खिळ्याला सध्या हिशेबपट्ट्यांचा तारेचा आकडा लटकवलेला आहे.